किरमिजी कोटातला चौबगला

काका, तुमच्या हाताखाली शिकलेली मी गेला महिनाभर फाटका कोट घालून कामाला जाते आहे. उजव्या बाजूची कॉलरची पट्टी चांगली वीतभर फाटली आहे, धागे लोंबताहेत. स्ट्रीटकारमध्ये बायका बघतात. परवा एकीने पर्समधून सेफ्टी पिन काढून माझ्या हातात ठेवली. मी थँक यू म्हणून ती खिशात टाकली. तुम्ही असता तर म्हणाला असता, "अगो फिलू, लोक विचारतील, त्या म्हाताऱ्यानं हिला हेच शिकवलं काय?"

तुम्हाला जाऊन आज तीस दिवस झाले. तुमच्या लोकांच्या रिवाजाप्रमाणे आजपासून मला ते शिवायला मोकळीक आहे. कोट टेबलावर पसरला आहे, सुईत काळा दोरा ओवलेला आहे, आणि शिवायचं सोडून मी तुमच्याशी बोलत बसले आहे. जिवंतपणी तुम्ही मला एकही वाक्य पुरं करू दिलं नाहीत. आता ऐका.

तुमची माझी ओळख शिव्यांमुळे झाली. मी वसईहून टोरांटोला येऊन दोन महिने झाले होते. स्पडायना रस्त्यावरच्या त्या कोट शिवायच्या कारखान्यात मला काजं करायच्या मशीनवर बसवलं होतं आणि त्या मशीनचा दोरा दर दहा मिनिटांनी तुटत होता. इथे कोणाला काय कळतंय, अशा समजुतीने मी त्या मशीनच्या सात पिढ्या आमच्या वसईच्या बोलीत उद्धरत होते. मागून आवाज आला, "पोरी, शिव्या देऊन दोरा तुटायचा थांबत नाही. खालची बॉबीन बघ." मी वळून बघितलं तर कापायच्या टेबलापाशी उभे असलेले सॅम. सावळे, हडकुळे, डोक्यावर टोपी, गळ्यात टेप. सगळ्यांसारखी मीही तुम्हाला जमैकाचे समजत होते. "तुम्ही मराठी?" म्हणून मी किंचाळलेच. "पेणजवळचा," तुम्ही म्हणालात. "आणि तू वसईची. शिव्यांवरून कळलं."

मग कळलं की तुम्ही सॅम नाही, सामुएल. बेने इस्राएल. कोकणात तुमच्या आजा-पणजांचे तेलाचे घाणे होते आणि ते शनिवारी, देवाच्या विश्रांतीच्या दिवशी, बंद असत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आमचा मालक स्वतः पोलंडकडचा ज्यू, पण तुमच्यासारखा काळा, मराठी बोलणारा माणूस ज्यू असतो हे त्याला पटायला चार वर्षं लागली. सीझनच्या दिवसांत तो स्वतः शनिवारी कारखाना उघडायचा, तुम्ही मात्र यायचा नाहीत. मी चिडून म्हणायची, "तुम्ही त्याला एकदा नीट सुनवा ना!" तुम्ही खडूने कापडावर रेघ मारत म्हणायचा, "त्याला पटलं तर मला काय मिळणार? पगार तोच." तुमचं हे शांत राहणं मला कधीच जमलं नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा रागच यायचा.

आणि डोरिसबाई. तिसऱ्या कोपऱ्यात वाफेच्या प्रेसवर उभी असलेली, कॅनडातल्याच नोव्हा स्कोशियाची काळी बाई, आवाज असा की कारखान्याचा पंखा ऐकू येऊ नये. तिच्या चर्चमधल्या बायकांनी वर्षातून एकदा एक मॅच भरवायचा घाट घातला होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडून काळ्या लोकांच्या दोन कॉलेजांचे संघ बोलवायचे, तळ्याकाठच्या स्टेडियमवर त्यांची फुटबॉलची मॅच करायची, आणि जे जमेल त्यातून इथल्या काळ्या मुलामुलींना त्या कॉलेजांत शिकायला पाठवायचं. पहिल्यांदा तिने हे सांगितलं तेव्हा तुम्ही कात्री खाली ठेवलीत. जेवणाच्या सुट्टीत मला म्हणालात, "फिलू, समजतंय काय तुला? गोऱ्यांच्या कॉलेजांनी ह्यांना दारात उभं केलं नाही. तेव्हा ह्यांनी स्वतःची कॉलेजं बांधली. शंभर वर्षं होत आली. आणि बांधून झाल्यावर आधी काय आणलं? बँड!"

बँड म्हटला की तुमचं काय व्हायचं ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मुंबईत भायखळ्याच्या दुकानात तुम्ही वीस वर्षं फक्त बँडचे युनिफॉर्म शिवलेत, पलटणीचे आणि पोलिसांचे. इथे येऊन मालकासाठी राखाडी ओव्हरकोट कापत होतात. सोनेरी फितीला हात लागून तुम्हाला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

मॅच शनिवारी असायची, तरी तुम्ही गेलात. तिकीट गुरुवारीच घेऊन डोरिसबाईपाशी ठेवलंत, म्हणजे शनिवारी पैशाला हात लागायला नको. स्ट्रीटकार घ्यायची नाही म्हणून दीड तास चालत. आणि मला ओढत नेलंत, मी काय पाप केलं होतं देव जाणे. वाटेत त्या उंच टॉवरचं काम चाललेलं दिसलं, तेव्हा तो अर्धाच झाला होता. मी म्हटलं, पुढच्या वर्षी मी ह्याच्यावर बसून मॅच बघेन, पण चालणार नाही.

खेळ आपल्या दोघांनाही कळला नाही. बॉल हातात घेऊन पळतात, मग सगळे एकावर एक पडतात, मग उठून सभा भरवतात, आणि ह्याला म्हणे फुटबॉल. पण मध्यंतराला बोगद्यातून ढोल वाजला. काका, तो आवाज मी कानाने ऐकला नाही, तो बरगड्यांत शिरला. दीडशे माणसं, एक पाय. गुडघे कमरेपर्यंत उचलत, पितळ चमकवत, हसत आणि नाचत ती माणसं मैदानात आली आणि एकाचीही ओळ वाकडी झाली नाही. आपल्याकडच्या बँडमध्ये माणसं चालतात. ह्यांचं अख्खं मैदानच चालत होतं. माझ्या पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्याने रडत होती आणि रडता रडता टाळ्या वाजवत होती. तुम्ही सुरुवातीला मला बारीक आवाजात सांगत होतात, "ती खांद्यावरची फीत बघ, ती दुहेरी आहे, ती..." मग तुमचा आवाज बंद झाला. बघितलं तर तुम्ही उभे, हात मांड्यांना चिकटलेले, हनुवटी वर. कोणी सांगितलं नव्हतं. तुमचे वडील पलटणीत हवालदार, त्यांचा मुलगा आपोआप सावधान झाला होता.

परत येताना दीड तासात तुम्ही एकच वाक्य बोललात. "देवानं अशी माणसं केली, आणि लोकांनी त्यांना दाराबाहेर ठेवलं." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की तुम्ही शांत आहात ते तुम्हाला काही लागत नाही म्हणून नव्हे.

मग लेनर्डचं प्रकरण. डोरिसबाईचा मुलगा लेनर्ड ह्याच मॅचच्या स्कॉलरशिपवर दक्षिणेत शिकायला गेला होता. तिसऱ्या वर्षी तो बँडचा ड्रम मेजर झाला, म्हणजे हातात लांब काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे चालणारा. आणि त्या वर्षी मॅचला त्याचंच कॉलेज येणार होतं. डोरिसबाई आठवडाभर जमिनीवर चालत नव्हती. पण त्याचा कोट आधीच्या ड्रम मेजरचा उतरलेला होता, बाह्या मनगटावर चार बोटं कमी. ती तुमच्या टेबलापाशी आली आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली. "सॅम, माझ्या चर्चसमोर माझा मुलगा दुसऱ्याच्या कोटात नको चालायला."

तुम्ही कापड बघायला तीन दुकानं पालथी घातलीत. लेनर्डने पत्रातून मापं पाठवली, ती तुम्ही दोनदा परत पाठवून पुन्हा मागवलीत. संध्याकाळी तुमच्या बेसमेंटमध्ये तो किरमिजी कोट उभा राहत गेला आणि मी अस्तराला टाके घालत शेजारी बसायची, कारण तेव्हा तुम्ही मला अस्तराच्या पुढे हात लावू देत नव्हतात. तुमच्या मिसेस, रिबकामावशी, वरून ओरडायच्या, "जेवण गार झालं!" आणि तुम्ही ती सोनेरी फीत बोटावर घेऊन प्रकाशात धरून बसलेले असायचा. शुक्रवारी दुपारी कोट डोरिसबाईच्या हातात गेला. तिने स्वतः प्रेस केला. पण तो घालून बघणार कोण, लेनर्ड तर अजून बसमध्ये. बॉर्डरवर उशीर झाला आणि बँडच्या बसेस शनिवारी सकाळी पोचल्या.

शनिवारी आपण चालत पोचलो तेव्हा डोरिसबाईने आपल्याला सीटवर बसू न देता थेट खाली, स्टँडच्या पोटातल्या खोलीत नेलं. लेनर्ड कोट घालून उभा होता. सव्वासहा फूट उंच. काका, त्या पोराच्या अंगावर तो कोट असा बसला होता की खोलीतली माणसं वळून बघायला लागली. एक सुरकुती नाही. खांदे असे की देवाने माप देऊन करून घेतले असावेत. तुम्ही त्याच्याभोवती एक फेरी मारलीत आणि तुमचा चेहरा मी तसा परत कधी बघितला नाही.

मग लेनर्ड म्हणाला, "मॉम, वॉच धिस," आणि मध्यंतराला जे करणार होता ते त्याने करून दाखवलं. काठी वर धरून तो मागे वाकला. वाकतच गेला. पाठ, मान, डोकं, टोपीवरचा पांढरा तुरा मागे जमिनीला टेकेपर्यंत. आणि कोट दोन्ही काखांतून टर्रकन फाटला, थेट बरगड्यांपर्यंत.

वर मॅच सुरू झाली होती, लोकांचा ओरडा छतातून खाली येत होता. लेनर्डने हळूच अंग सरळ केलं आणि आईकडे बघितलं. तुम्ही पुढे होऊन फाटलेली जागा बघितलीत आणि मराठीत, माझ्याशी बोललात. "चूक माझी. मी बँडमास्तरचा कोट कापला. आमचा बँडमास्तर सावधान उभा राहायचा, फिलू. तो वाकायचा नाही. वीस वर्षं मी सावधानचेच कोट कापले."

खरी चूक तीच होती. मापं बिनचूक होती. फक्त माणूस वाकतो, नाचतो, मागे पडून तुरा जमिनीला टेकवतो, हे पलटणीच्या शिंप्याच्या हिशेबातच नव्हतं. मागल्या वर्षी आपण असाच बँड बघून तोंडात बोट घातलं होतं, पण तुम्ही बघत होतात फिती, आणि मी बघत होते तुमच्याकडे.

बॅनर शिवायला चर्चच्या बायकांनी सुया-दोऱ्यांचा डबा आणला होता. डोरिसबाईने तो टेबलावर ठेवला आणि तुमच्याकडे सरकवला. "आय प्रेस, सॅम. आय डोन्ट सो," ती म्हणाली, म्हणजे इस्त्री येते, शिवण येत नाही. मध्यंतराला तास-सव्वा तास होता. मी तुमचा हात बघितला. तो डब्याकडे गेला, सुईपासून एका बोटावर थांबला आणि मागे आला. पुन्हा गेला, पुन्हा मागे आला. शनिवार होता. साठ वर्षांत तुम्ही शनिवारी सुई धरली नव्हती. मालकाच्या सीझनसाठी नाही, पगार कापला तेव्हाही नाही. आणि समोर एका आईचा मुलगा फाटक्या कोटात उभा होता, तुमच्या हातून फाटलेल्या.

"तुम्ही हात लावू नका," मी म्हटलं. "मी शिवते. तुम्ही नुसतं सांगा."

"सांगणं म्हणजे करवून घेणं," तुम्ही म्हणालात. "तुमच्या लोकांतही विश्रांतीच्या दिवसाची ती आज्ञा आहे ना? पूर्ण वाच कधीतरी."

"आहे. आमच्यात तिसरी."

"आमच्यात चौथी. आपण स्वतः काम करायचं नाही इतकंच नाही त्यात. मुलगा, मुलगी, नोकरचाकर, गुरंढोरं, आपल्या वेशीत आलेला परका, कोणाकडून करवून घ्यायचं नाही."

आज आठवलं की हसू येतं. वर हजारो माणसं ओरडताहेत, डोरिसबाई आपल्या दोघांच्या तोंडाकडे बघते आहे, आणि पेणचा ज्यू आणि वसईची ख्रिस्तीण मराठीत दहा आज्ञांवर वाद घालताहेत. पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. मला घाई होती, आणि तुम्हाला कसंही करून त्यातून सोडवायचं होतं.

"मी तुमची नोकर नाही, माझा पगार मालक देतो," मी म्हटलं. "वेस डोरिसबाईची आहे, तुमची नाही. आणि गुरंढोरं म्हणायचं असेल तर म्हणून घ्या एकदाचं."

"आणि मुलगी?"

"मुलगी कसली, काका? माझा बाप तिकडे वसईत केळीला पाणी घालतोय. तुम्ही कुठले, मी कुठली. मी तुमची कोणी लागत नाही. म्हणजे तुम्हाला पाप लागतच नाही. संपलं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "बरं," म्हणालात.

मग हात पाठीमागे बांधलेत आणि भिंतीला टेकून उभे राहिलात. "तुझ्या आजोबाच्या सदऱ्याच्या काखेत काय असायचं?"

मी आठवलं. "चौकोनी तुकडा."

"चौबगला. त्याच्यामुळे माणूस होडी वल्हवो, माडावर चढो, सदरा फाटत नाही. साहेबाचा कोट शिवायला लागलो आणि आम्ही चौबगला विसरलो. खालची घडी उसव. आत चार बोटं माया ठेवलीये, त्यातून दोन तुकडे काप. तिरके. सरळ नको, तिरके!"

मी कापले. माझ्या आयुष्यात मी तोवर असलं कापड कापलं नव्हतं. तुम्ही भिंतीपाशी उभे राहून सांगत गेलात, आधी टोकं पकड, मग वरची बाजू, टाका बारीक, दोरा दुहेरी, ओढू नको, नुसता बसव. एकदा मी चुकले तेव्हा तुमचे पाठीमागचे हात सुटून पुढे आले. मी मान वर न करता म्हटलं, "काका." ते परत मागे गेले. दोनदा सुई बोटात गेली आणि रक्त त्या किरमिजी कापडात कुठे गेलं तेही कळलं नाही. शेवटचा टाका घातला तेव्हा बोगद्यात ढोल सुरू झाले होते. लेनर्डने कोट अंगात घातला आणि तो पळतच गेला. वाकून बघायलाही वेळ नव्हता.

आपण तिघं बोगद्याच्या तोंडाशी उभे राहिलो. काका, जगात मी पुष्कळ मोठ्या गोष्टी बघितल्या असं नाही, पण ते बघितलं आहे. ऑक्टोबरचं ऊन, मागे तळं, आणि त्या उन्हात एकटा किरमिजी माणूस मैदानाच्या मधोमध चालत गेला. त्याच्या मागे दीडशे माणसं अशी थांबली की श्वाससुद्धा एकत्र थांबला असावा. शिटी वाजली. तो मागे वाकू लागला. सगळं स्टेडियम त्या पांढऱ्या तुऱ्याकडे बघत होतं. आपण तिघं त्याच्या काखेकडे बघत होतो. तुम्ही काहीतरी पुटपुटत होतात, मला नुसतं तुम्ही नवस बोलता त्या एलियाहू हन्नाबीचं नाव ऐकू आलं. तो वाकला, आणखी वाकला, हात वर उचलले, आणि दोन्ही काखांतले ते तुकडे हळूच उघडले. आमच्या आजोबांच्या सदऱ्यात उघडायचे तसेच. तुरा जमिनीला टेकला. एकही टाका गेला नाही.

जो आवाज उठला तो मला सांगता येणार नाही. माणसं बाकांवर चढली होती. डोरिसबाई, जिचा आवाज पंख्याच्या वर जायचा, तिने नुसतं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. आणि तो पोरगा जमिनीवरून सरळ वर आला, हसत, जणू कंबर नावाची गोष्ट त्याला नव्हतीच, आणि मागे दीडशे वाद्यं एका क्षणी फुटली. मला वाटलं, देवळात, चर्चमध्ये आपण गुडघे टेकतो ते ह्याच्यासाठीच असणार, आपल्याला पत्ता चुकीचा दिलेला आहे. हे मी आमच्या फादरना कधी सांगितलं नाही. तुम्हाला मात्र त्याच दिवशी वाटेत सांगितलं, आणि तुम्ही रागावला नाहीत.

पुढच्या आठवड्यात तुम्ही नवस फेडलात. जेरार्ड स्ट्रीटवरच्या देशी दुकानातून पोहे आणले, मावशींनी खोबरं-साखर घालून मलिदा केला आणि अख्ख्या कारखान्यात वाटला. डोरिसबाईने तीनदा मागून घेतला. आणि त्याच रविवारी, मी चर्चमधून परस्पर तुमच्या बेसमेंटमध्ये आले, तेव्हा टेबलावर अस्तर नव्हतं. कोटाचं कापड होतं, खडू होता आणि तुमची मोठी कात्री होती. "काप," तुम्ही म्हणालात. तो वाद मात्र आपण पुन्हा काढला नाही. मी समजत होते, मी जिंकले.

नंतरची दहा वर्षं दर शरदात आपण चालत गेलो. लेनर्ड आता हॅलिफॅक्सच्या शाळेत बँड शिकवतो. त्याने एकदा कळवलं की त्याच्या कॉलेजातल्या प्रत्येक नव्या ड्रम मेजरच्या कोटात आता काखेत तुकडा असतो आणि ते त्याला टोरांटो पॅच म्हणतात. तुम्ही ते पत्र टोपीत ठेवून आठवडाभर फिरलात. माझे पप्पा वसईत वारले आणि मला जाता आलं नाही, तेव्हा तुम्ही सात दिवस रोज संध्याकाळी माझ्या अपार्टमेंटमध्ये येऊन जमिनीवर बसलात. म्हटलं, काका, आमच्यात असं बसत नाहीत. म्हणालात, "आमच्यात बसतात." मी मालकाच्या टेबलावर कटर झाले, तुमच्याच जागेवर, तेव्हा तुम्ही माझ्याआधी रडलात. ह्यातल्या कशासाठीही मी तुम्हाला थँक यू म्हटलं नाही. स्ट्रीटकारमधल्या अनोळखी बाईला म्हणते.

तुमच्या दफनाला तुमच्या समाजातले एक वयस्कर गृहस्थ लहानसं पातं घेऊन आले. दुखवट्याची खूण म्हणून मावशींच्या स्वेटरची उजवी बाजू त्यांनी चिरली. मग मावशींनी मला दंडाला धरून पुढे केलं. गृहस्थांनी विचारलं, "नातं काय? आई-बाप असतील तर डावी बाजू, काळजाकडची, ती मग जन्मभर नीट शिवायची नाही. इतरांसाठी उजवी. तीस दिवसांनी शिवता येते." मी गोंधळले. सगळे बघत होते, सगळे तुमच्या रक्ताचे, आणि माझ्या गळ्यात क्रॉस. "उजवी," मी म्हटलं. मावशींनी माझा दंड सोडला.

आज दुपारी मावशी आल्या. स्वतःचा स्वेटर पिशवीत घालून आणला होता. "तीस दिवस झाले. तुझ्याशिवाय कोणाकडून शिवून घेऊ?" म्हणाल्या. मी शिवला, बारीक टाका, दोरा दुहेरी. मग माझा कोट पुढे ओढला तेव्हा त्या म्हणाल्या, "फिलू, एक विचारते. त्या मॅचच्या शनिवारी काय झालं होतं?"

"का हो?"

"दरफाळणीचा सण आला की हे दिवसभर उपाशी बसायचे आणि वर्षाची पापं सांगायचे. दर वर्षी शेवटी तेच एक. मी म्हणायची, अहो, ते जुनं झालं, आता पुरे. तर ऐकायचे नाहीत."

"कोणतं पाप?"

"मॅचच्या शनिवारी मुलीला कामाला लावलं." मावशी स्वेटरवरून हात फिरवत होत्या. "मी विचारलं होतं एकदा, आपल्याला कुठे मुलगी? तर म्हणाले, आहे. ती नाही म्हणते, पण आहे."

मावशी गेल्या त्याला तास झाला असेल.

काका, तुम्ही वाद सोडला नव्हता. दर वर्षी त्या सणाला उपाशी पोटी, स्वर्गाची दारं मिटायच्या आधी, तुम्ही तो देवापुढे घेऊन जात होतात आणि माझ्याविरुद्ध जिंकत होतात. मी तुम्हाला पापातून सोडवायला नातं तोडलं. तुम्ही नातं तुटू नये म्हणून दहा वर्षं पाप अंगावर घेतलंत.

आता उजवी बाजू शिवून झाली आहे. बोट फिरवून बघितलं, टाका कुठे हाताला लागत नाही, तुम्हीही नाव ठेवलं नसतं. मग मी तुमची मोठी कात्री घेतली, डाव्या बाजूला काळजावर एक काप दिला, कात्री खाली ठेवली आणि पुढचं हाताने फाडलं. चांगलं कापड आहे, फाटताना आवाज झाला.

ही बाजू मी शिवणार नाही. म्हणजे त्या शनिवारी तुमच्या मुलीनेच काम केलं, आणि पाप लागलं. निम्मं माझ्या नावावर टाका.

उद्या स्ट्रीटकारमध्ये ती बाई पुन्हा भेटली तर तिची पिन परत करेन. सांगेन, फाटलेलं नाही, फाडलं आहे. माझे वडील गेले.